दुर्गंध, माती आणि मागची गल्ली

डोळ्यांना पापण्या आहेत, कान तळहातांनी झाकता येतात. नाकाला मात्र निसर्गाने दार ठेवलेले नाही. श्वास घ्यावयाचा तर वासही घ्यावाच लागतो. म्हणूनच मनुष्य वस्ती करून राहू लागल्यापासून दुर्गंधाशी त्याचा झगडा चालू आहे. राजवंशांच्या इतिहासाप्रमाणे या झगड्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. पण नगरांचे रस्ते किती रुंद असावेत, घरांना खिडक्या किती ठेवाव्यात, शौचकूप कोठे बांधावा आणि तो कोणी साफ करावा, हे प्रश्न बऱ्याच अंशी याच झगड्यात सुटत गेले.

अलीकडे शहरांतल्या बंद सदनिकांमध्ये मांजर पाळणारी कुटुंबे वाढली आहेत. मांजराच्या विधीसाठी घरात एक पेटी ठेवतात. दुकानांत तिला लिटर बॉक्स म्हणतात. या पेटीचा वास आवरण्यासाठी पंखे, गाळण्या, सुवासिक फवारे, वायू सोडणारी यंत्रे अशी नाना साधने निघाली आहेत. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि असे साधन निर्धोक असावे, आवाज न करणारे असावे आणि त्याने वास खरोखरच नाहीसा करावा, या तीन अपेक्षा काही मांजराच्या पेटीपासून सुरू झालेल्या नाहीत. गेल्या दीड-दोनशे वर्षांत माणसांच्या वस्तीसाठी त्याच अपेक्षा बाळगल्या गेल्या, आणि त्या पुऱ्या करताना काय साधले व काय बिघडले, हे बंगळूरच्या मल्लेश्वरम या उपनगरात अजूनही पाहावयास मिळते.

मल्लेश्वरमचे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांमागे तेथील कारभार त्यांचे पुत्र, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांच्याकडे होता. गावाबाहेरच्या टेकाडावर मल्लिकार्जुनाचे एक देवालय होते. त्या देवालयाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा १६६९ चा एकोजींच्या काळातील शिलालेख उपलब्ध आहे. भोवताली रान, म्हणून कानडी लोक या देवाला 'काडु मल्लेश्वर', म्हणजे रानातला मल्लेश्वर, असे म्हणू लागले. पुढे दोन शतकांनी त्या रानात जे उपनगर वसले, त्याने आपले नाव या देवाकडूनच घेतले.

रानात उपनगर वसविण्याची निकड लागली ती साथीच्या भयाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पाठोपाठ तो पुण्यास पोहोचला. पुण्यातील घरझडत्यांचा जुलूम, २२ जून १८९७ ची रँडवरील गोळी आणि चाफेकर बंधूंचा शेवट हा भाग मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले याच साथीत १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. १८९८ मध्ये प्लेग बंगळुरात शिरला. जुन्या पेठेतील घरे एकमेकांस खेटलेली, रस्ते अरुंद, सांडपाणी उघडे. साथीने तेथे थैमान घातले. त्या वेळी म्हैसूर संस्थानचे दिवाण के. शेषाद्री अय्यर होते. पेठेबाहेर उत्तरेस मल्लेश्वरम आणि दक्षिणेस बसवनगुडी अशा दोन नव्या वसाहतींच्या कल्पनेला साथीच्या आधीच आरंभ झाला होता. साथीने तिला वेग दिला. मुंबईतही त्याच १८९८ साली नगरसुधारणेचा विश्वस्त मंडळाचा कायदा झाला आणि पुढे त्यातूनच दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या उभ्या राहिल्या. दादर-माटुंगा आणि मल्लेश्वरम ही अशा रीतीने एकाच भयाची अपत्ये होत.

मल्लेश्वरमची आखणी पाहिली की ते भय कशाचे होते, हे उमगते. सरळ रेषेत जाणारे रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडवे रस्ते, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा, अंगणात झाडे. येथील एका प्रमुख रस्त्याचे नाव संपिगे, म्हणजे सोनचाफा. दुसऱ्याचे मार्गोसा, म्हणजे कडुनिंब. एक झाड सुवास देणारे आणि दुसरे हवा शुद्ध करणारे, अशी दोघांचीही लोकांत ख्याती आहे. वारा खेळता राहावा आणि कोंदट हवा साचू नये, हाच या आखणीचा हेतू होता. कारण कोंदट, कुजकट हवेतूनच रोग उपजतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात चांगल्या चांगल्या विद्वानांचीही होती. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीचे धुरीण एडविन चॅडविक यांनी तर दुर्गंध म्हणजेच रोग, असे समीकरण मांडले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची घाण सुटली, तेव्हा लंडनच्या पार्लमेंटातील पडदे चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात भिजवून टांगण्यात आले. मुंबईच्या प्लेगातही गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक अॅसिड सोडण्यात आले. घरांच्या भिंतींना चुना फासण्यात आला. वास मारला की रोग मेला, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकीचा होता. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांना सापडलाच होता. बंगळुरात प्लेग शिरला त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की, हा जंतू मेलेल्या उंदराच्या अंगावरून उडणाऱ्या पिसवेच्या चाव्याने पसरतो. त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला दुर्गंध या गुन्ह्यापुरता निर्दोष ठरला. मात्र त्याच्याविरुद्ध उभारलेली तटबंदी निरुपयोगी ठरली नाही. रुंद रस्ते, मोकळी घरे आणि नियमित सफाई यांनी उंदरांचे आश्रय कमी केले, पाणी स्वच्छ राखले, आणि पटकी व विषमज्वर यांसारख्या इतर रोगांना पायबंद घातला. चुकीच्या कारणासाठी केलेले काम योग्य फळ देऊन गेले, अशी उदाहरणे इतिहासात विरळा असतात. मल्लेश्वरम हे त्यांपैकी एक.

पण या आखणीत एक भाग असा होता की, त्याचे फळ सर्वांना सारखे मिळाले नाही. मल्लेश्वरमच्या घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत आणि त्यांच्या मधून अरुंद गल्ल्या जातात. नगररचनेच्या कागदपत्रांत त्यांना कॉन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. साध्या मराठीत ती मागची गल्ली किंवा भंगीगल्ली. घरचा शौचकूप परसाच्या टोकाला असे आणि त्याचे एक लहान दार या गल्लीत उघडे. त्या दाराने सफाई कामगार टोपली ओढून घेई आणि मैला वाहून नेई. पुढच्या रस्त्यावरून घरचे लोक, पाहुणे, देवाची पालखी. मागच्या गल्लीतून मैला. घरातल्या कोणाला त्याचा वास नको, त्याचा आवाज नको आणि तो वाहणाऱ्या माणसाचे दर्शनही नको, ही सोय नकाशातच करून ठेवली होती.

दुर्गंध दूर करणारे आणि आवाज न करणारे साधन हवे, या मागणीचे त्या काळी दिलेले उत्तर म्हणजे ही गल्ली होय. पण गल्लीने दुर्गंध नाहीसा केला नाही. तो तिने एका घराच्या नाकापासून उचलला आणि दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवला. ज्या जातींच्या माथी हे काम मारले होते, त्यांच्यासाठी ती पेटी कधी बंद झालीच नाही. मुंबई राज्यात १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली गेली आणि डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेची विदारक स्थिती सरकारी अहवालात प्रथमच सविस्तर नमूद झाली. कर्नाटकात १९७० च्या दशकात देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातील बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्यास मनाई केली. संपूर्ण देशासाठी कायदा १९९३ मध्ये झाला आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये. मल्लेश्वरमच्या आखणीपासून मोजले, तर या एका टोपलीला डोक्यावरून खाली उतरवण्यास शंभर वर्षे लागली. आणि कायदे होऊनही गटारांत उतरलेले कामगार गुदमरून मेल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत.

दुर्गंध दुसरीकडे लोटण्यापेक्षा जागच्या जागी विरवून टाकता येतो, हा शोध मात्र जुनाच होता. डॉर्सेट परगण्यातील फोर्डिंग्टन येथे हेन्री मूल नावाचे एक पाद्री होते. पटकीच्या साथीत त्यांनी गोरगरिबांच्या वस्तीत काम केले होते. १८५९ मध्ये त्यांनी आपल्या घरचा मैलाखड्डा बुजवला आणि मैला बागेत उथळ चर खणून पुरण्यास आरंभ केला. तीन-चार आठवड्यांनी चर उकरून पाहतात, तो मैल्याचा मागमूसही नाही आणि वासही नाही. १८६० मध्ये त्यांनी कोरड्या मातीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. कळ ओढली की वरच्या पेटीतून ठरावीक माप माती खाली पडे. तीच माती वाळवून, चाळून पुन्हा पुन्हा वापरता येई. हिंदुस्थानातील तुरुंगांत आणि लष्करी बराकींत या पद्धतीचा बराच प्रसार झाला. अनुभवाने असेही कळले की, वाळू या कामी फुकट. कसदार, चिकण अंश असलेली आणि पूर्ण वाळलेली मातीच हवी.

असे का होते, याचा उलगडा पुढे झाला. १८७७ मध्ये श्लोएसिंग आणि म्यूंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले की, अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम मातीतील सजीव करतात. मातीच्या चिकण कणांचे पृष्ठभाग प्रथम वासाचे रेणू धरून ठेवतात, कोरडेपणा कुजण्याची गती मंदावतो, आणि मग मातीतील सूक्ष्म जीव उरलेले काम सावकाश पुरे करतात. ज्याला दुर्गंध म्हणून नाक मुरडावे, ते अशा रीतीने पिकाचे अन्न होते. कोकणात हा धडा अप्पासाहेब पटवर्धनांनी गिरवून दाखवला. १९३२ च्या डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. दुर्गंध कोणाच्याही डोक्यावर न देता मातीत मिळवावा, एवढे साधे त्यांचे सूत्र होते. मूल यांचा शोध आणि अप्पांचा आग्रह यांचा मेळ बसला की मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीला पर्याय मिळतो.

आता मांजराकडे वळावे. हा प्राणी मातीचा गुण कोणी न शिकवता जाणतो. विधी उरकल्यावर पंजाने माती ओढून तो झाकून टाकतो. आणि योगायोग असा की, मांजराला घरात मानाने आणण्याचा पुरस्कारही प्लेगच्याच साथीने केला. प्लेगचे मूळ उंदरांत आहे असे ठरल्यावर वऱ्हाडात अमरावतीस असलेले अँड्र्यू बुकॅनन या सरकारी डॉक्टरांनी असे मत मांडले की, ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत ती गावे प्लेगपासून बरीचशी सुरक्षित राहतात. १९०८ मध्ये त्यांचा या विषयावरील लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे पुढे सिद्ध झाले, आणि मार्जारपालन हा प्लेगवरचा रामबाण ठरला नाही. तरी उंदीर मारणारे म्हणून घराघरांत त्याचे स्थान अढळ राहिले. त्या काळच्या मांजराला पेटी लागत नसे. त्याला परस होते, परसात माती होती, आणि चुकून घरात घाण झालीच तर चुलीतली राख होती.

परस गेले, चूल गेली, घर चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढले. तेव्हा मांजराची माती त्याच्यामागून वर न्यावी लागली. या मातीचा व्यापार प्रथम अमेरिकेत सुरू झाला. थंडीत बर्फ पडला की तेथे बाहेरची वाळू गोठून जाई, म्हणून लोक मांजराच्या पेटीत राख घालीत आणि मग मांजराची काळी पावले घरभर उमटत. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील कॅसोपोलिस गावच्या एड लो यांनी शेजारणीला राखेऐवजी एक शोषक माती देऊन पाहिली. ती सांडलेले तेल व वंगण टिपण्यासाठी कारखान्यांना पुरविली जाई. मांजरालाही ती मानवली, घरच्यांनाही मानवली. तीच माती पाच पौंडांच्या पिशवीत भरून पासष्ट सेंटांना विकण्यास त्यांनी आरंभ केला. इंग्रजीत तिला लोकर धुणाऱ्यांची माती म्हणतात. मराठी घरांत ती मुलतानी माती म्हणून पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पुढे १९८४ मध्ये टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट माती या कामी आणली. ओल लागली की तिचा घट्ट गोळा होतो, आणि तेवढाच गोळा उचलून टाकता येतो. मूल यांच्या शौचकूपाचे हे धाकटे भावंडच म्हणावयाचे.

तरीही बंद सदनिकेत वास उरतोच, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. ताज्या मूत्राला फारसा उग्र दर्प नसतो. त्यातील युरियावर जंतूंची क्रिया सुरू झाली की अमोनिया सुटतो. मांजराच्या, विशेषतः नर मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचे एक गंधकयुक्त द्रव्य असते. त्याच्या विघटनातून तो ओळखीचा हट्टी वास उत्पन्न होतो. याचा अर्थ असा की, दुर्गंध हा बव्हंशी दिरंगाईचा परिणाम आहे. दिवसातून एकदा-दोनदा पेटी साफ करणे हे सर्वांत स्वस्त, सर्वांत निर्धोक आणि पूर्णपणे निःशब्द साधन होय. आरोग्याच्या दृष्टीनेही त्याला आधार आहे. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परोपजीवीची अंडी बाहेर पडतात आणि ती बाधक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. रोजची सफाई त्या आधीच त्यांची वाट अडवते. गर्भवती स्त्रीने मात्र हे काम स्वतः न करता दुसऱ्यावर सोपवावे, असे डॉक्टर सांगतात.

ज्यांना याहून अधिक काही हवे असते, त्यांच्यापुढे तीन मार्ग येतात. पहिला मार्ग वास सुवासाने झाकण्याचा. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तशी या मार्गाची गत आहे. मल्लेश्वरमच्या शेजारीच म्हैसूर चंदन साबणाचा प्रसिद्ध कारखाना आहे. पहिल्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली, तेव्हा १९१६ च्या सुमारास म्हैसूर सरकारने चंदनाचे तेल देशातच काढण्याचा उद्योग उभारला. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांचे त्याला साह्य झाले. पण चंदनाच्या सुवासाचे मोल निर्मळ जागी आहे. अमोनियाच्या जोडीला तो एक तिसराच वास निर्माण करतो. शिवाय मांजराच्या नाकाला असा गडद सुवास असह्य होतो आणि ते पेटीकडे पाठ फिरवते. कित्येक सुगंधी तेले त्याच्या शरीराला अपायकारकही असतात.

दुसरा मार्ग विषाने मारण्याचा. प्लेगच्या काळात ज्याचा सडा पडत असे, ते कार्बोलिक अॅसिड म्हणजे फिनॉल. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फिनेलसारख्या द्रवांतही त्याच जातीची द्रव्ये असू शकतात. फिनॉल निर्विष करून बाहेर टाकण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. पंज्याला लागलेले असे द्रव्य ते चाटते आणि विषबाधा होते. क्लोरीनयुक्त ब्लीचिंगचे द्रावण अमोनियावर ओतले तर क्लोरामाइन नावाचा विषारी वायू निघतो; तो माणसालाही सोसत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे हा याच मार्गाचा आधुनिक अवतार होय. १८४० मध्ये शॉनबाइन यांनी ओळखलेला हा वायू एके काळी आरोग्यदायी मानला जाई. वस्तुतः तो श्वासमार्गाचा दाह करतो. भारतात बाहेरच्या हवेतसुद्धा ओझोनचे प्रमाण आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे २००९ पासून मानक आहे. ज्या प्रमाणात तो घरातील वास लवकर नष्ट करील, त्या प्रमाणात तो फुप्फुसांना मानवणार नाही. आणि जमिनीलगत राहणाऱ्या लहान प्राण्याला तर मुळीच नाही.

तिसरा मार्ग वास धरून ठेवण्याचा, आणि इतिहासाचा कौल त्याच्याच बाजूने आहे. १८५४ मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनज्ञाने लोणारी कोळशाच्या भुकटीचा श्वासमुखवटा तयार केला आणि गटारांच्या वायुनळ्यांवर कोळशाच्या गाळण्या बसवाव्यात, असे सुचवले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांचा बचाव कोळशानेच केला. नारळाच्या करवंटीचा कोळसा त्या कामी उत्तम ठरला. क्रियाशील केलेल्या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग मोजला, तर तो कित्येक शे चौरस मीटर भरतो. एवढ्या मोठ्या अंगणात वासाचे रेणू येऊन निमूटपणे बसून राहतात. परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते: गंधकाचे व इतर जड रेणू कोळसा चांगले धरतो, अमोनिया मात्र त्याला फारसा जुमानत नाही. त्यासाठी आम्लाचे संस्कार केलेला कोळसा किंवा झिओलाइट नावाचे खनिज जोडीला घ्यावे लागते.

या ज्ञानावरून चांगल्या साधनाचे लक्षण बांधता येते. पंख्याने हवा पेटीतून ओढून गाळणीकडे न्यावी, खोलीत ढकलू नये. हवा मंद वाहावी, म्हणजे गाळणीत ती अधिक वेळ रेंगाळते. मंद गतीचा दुसरा लाभ शांततेचा. पंख्याचा आवाज गतीबरोबर फार झपाट्याने वाढतो, म्हणून लहान पाती वेगाने फिरवण्यापेक्षा मोठी पाती सावकाश फिरवावीत. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. मांजराचा कान साठ हजारांच्याही पलीकडे जातो. तेव्हा माणसाला निःशब्द वाटणारे यंत्र मांजराच्या कानी कर्कश किंचाळत असू शकते. यंत्र शांत आहे की नाही, याचा अंतिम निवाडा मांजराने करावयाचा असतो, आणि तो निवाडा ते पेटी सोडून कोपऱ्यात विधी करून देते. वीज अल्प दाबाची असावी, तार दाताला लागू नये, पाती जाळीआड असावीत, आणि मांजर आत असताना कोणताही भाग हलू नये. बाकीचे काम मातीचे आणि रोजच्या हाताचे.

एवढ्याने साधन निर्दोष झाले, असे मात्र म्हणता येत नाही. मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीने शिकवलेला धडा येथेच लागू पडतो. घरातला वास गेला. पण तो गोळा, ती पिशवी, ती वापरलेली माती गेली कोठे? ओल्या कचऱ्यात ती मिसळली तर खत नासते, सुक्या कचऱ्यात मिसळली तर तो निवडणाऱ्या हातांना ती लागते. उघड्या किंवा फाटक्या पिशवीतून ती सफाई कामगाराच्या हाती गेली, तर शंभर वर्षांपूर्वीची टोपलीच पुन्हा नव्या वेष्टनात परत येते. पिशवी घट्ट बांधलेली असावी, वेगळी ठेवलेली असावी आणि तिच्यात काय आहे हे नेणाऱ्याला कळावे. ही शेवटची पायरी यंत्राच्या माहितीपत्रकात क्वचितच छापलेली असते.

मल्लेश्वरमच्या त्या गल्ल्यांतून आज मैल्याच्या टोपल्या जात नाहीत. भुयारी गटारे आल्यावर त्या ओस पडल्या. कोठे कचरा साचला, कोठे वाहने उभी राहू लागली. अलीकडे त्यांपैकी काही गल्ल्या स्वच्छ करून, फरशी व दिवे बसवून लोकांना पायी चालण्यासाठी खुल्या करण्याचे प्रयत्न नागरिकांनी आणि पालिकेने केले आहेत. घरांच्या पाठीमागचा जो रस्ता केवळ न दिसण्यासाठी आखला होता, त्यावरून आता मुले शाळेला जाऊ शकतात. ज्या दिवशी कोणाच्याही घरचा दुर्गंध, मग तो माणसाचा असो की मांजराचा, दुसऱ्या कोणाच्या माथी न जाता मातीत विरेल, त्या दिवशी या गल्ल्यांचा जुना हिशेब खऱ्या अर्थाने फिटेल.